दशम्यांचा कागद

नगरच्या मुलींच्या शाळेत मालनबाई हेडमास्तरीण झाल्या, तेव्हापासून गावातला एकही प्रतिष्ठित माणूस त्यांच्या जिभेच्या तावडीतून सुटला नव्हता. सभेत कुणी बोलायला उभं राहिलं की त्या शेजारणीकडे किंचित कलत, ओठ फारसे न हलवता एक वाक्य टाकत, आणि शेजारणीला तोंडात पदर कोंबावा लागे. दुसऱ्या दिवशी ते वाक्य कापडबाजारात फिरत असे. ज्याच्याबद्दल ते असे, त्याच्याही कानावर जाई. पण तोही हसे. बाईंच्या तोंडी आपलं नाव आलं, म्हणजे आपण गावात कुणीतरी आहोत असं त्याला वाटे. बाईंना या गोष्टीचा सगळ्यात जास्त तिटकारा होता. माणसाला जोडा मारावा आणि त्यानं तो डोक्याला बांधून मिरवावा, तशातली गत.

अशा मालनबाई राधाकृष्ण वकिलांच्या मोटारीत बसून मोगलाईत जायला तयार झाल्या, त्या केवळ लंकेमुळे.

लंका ही वकिलांची बायको. ती, मालनबाई आणि जहिरा पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या. जहिरा आता नगरच्याच उर्दू शाळेत शिकवत होती. तिघींनी त्या काळी ठरवलं होतं, की नोकरी लागली की पहिल्या पगारातून वेरूळची लेणी बघायची. वेरूळ काही विलायत नव्हे. पण ते गोदावरीपलीकडे, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. तिथलं नाणं वेगळं, टपालाचं तिकीट वेगळं, पोलिसाच्या डोक्यावरची टोपी वेगळी. नगरच्या माणसाला तो परमुलूखच. पहिला पगार आला आणि घरच्या खर्चात गेला. मग लंकेचं लग्न झालं.

कॉलेजातली लंका शेवगावकडच्या शेतकऱ्याची पोर होती. मेसमध्ये एकदा आंबलेली आमटी वाढली, तेव्हा ती ताट तसंच उचलून प्रिन्सिपॉलबाईंच्या बंगल्यावर गेली होती आणि "आधी तुम्ही खा" म्हणाली होती. आता त्याच लंकेला साधं सिनेमाला चल म्हटलं, तर ती म्हणायची, "ह्यांना विचारते." मालनबाईंना वकिलांचा राग येई. लंकेची कीव येई. आणि बाईंच्या घरात कीव आणि तुच्छता एकाच फडताळात ठेवलेल्या असत. एक काढायला गेलं की दुसरी हाताला लागायचीच.

सेहेचाळीस सालच्या नाताळात सगळं जुळून आलं. लढाई संपली होती, तरी पेट्रोल अजून कुपनावरच मिळत होतं. वकिलांनी कुपनं साठवली होती. औरंगाबादला जहिराची खाला, म्हणजे मावशी, राहत होती; मुक्कामाचा प्रश्न मिटला. लंकेनं विचारलं, आणि वकील म्हणाले, "जायचं ना! पण मी बरोबर येणार. परराज्यात तीन बायका एकट्या? छे!"

तीन बायका मिळून एकट्या कशा होतात, हे मालनबाईंना कळलं नाही. वकिलांची मोटार, वकिलांचं पेट्रोल, तेव्हा वकीलही आलेच.

निघायच्या दिवशी उजाडताना मालनबाई वकिलांच्या घरी पोचल्या, तेव्हा लंका स्वयंपाकघरात मेथीच्या दशम्या फडक्यात बांधत होती. इतक्यात वकील आत आले. पांढरी टोपी, लांब कोट, आणि हातात एक वर्तमानपत्र. पुण्याहून निघणारं ते पत्र निजामावर दर आठवड्याला आग ओकायचं, म्हणून मोगलाईत त्याला बंदी होती.

"फडकं कशाला? ह्यात बांध," वकील म्हणाले.

"अहो, पण हे तिकडं चालत नाही म्हणतात ना?"

"म्हणूनच! बघू दे त्या निजामाच्या नोकरांना. राधाकृष्णाच्या डब्याला कोण हात लावतो तेच बघतो मी."

लंकेनं एकदा मालनबाईंकडे पाहिलं, फडकं सोडलं आणि दशम्या त्या कागदात गुंडाळल्या.

मोटार छगन चालवायचा. वकील त्याच्या शेजारी बसले आणि तिघी मागे. नगरची वेस सुटली, जेऊर मागं पडलं, इमामपूरचा घाट आला. घाटात गाडी धापा टाकायला लागली. वकिलांना मात्र धाप लागत नव्हती. त्यांनी निजामाचं राज्य कसं चार दिवसांचं आहे ते सांगितलं, आपण त्याला भर सभेत कसं ललकारलं ते सांगितलं. घोडेगावात चहा घेतला. तिथून शिंगणापूर जवळ, म्हणून तिथल्या बिनदाराच्या घरांवर व्याख्यान झालं: घराला दारच नसेल तर आत शिरलेल्या माणसावर घरफोडीचं कलम लागेल की नाही? छगनला या चर्चेत ओढायचा त्यांनी प्रयत्न केला. छगन म्हणाला, "आमच्या घराला दार हाय, पन आत न्यायजोगं काय न्हाई जी." चर्चा तिथं खुंटली.

"तुम्ही बरोबर आहात हे बरं झालं, जहिराबाई," वकील मागं वळून म्हणाले. "मोगलाई म्हणजे तुमचंच राज्य."

"माझी तिथं एक खाला राहते, वकीलसाहेब," जहिरा शांतपणे म्हणाली. "राज्य आहे असं ती कधी बोलली नाही. विचारते तिला."

मालनबाईंनी खिडकीबाहेर बघत ओठ दाबले.

नेवाशाच्या फाट्यावर विषय स्त्रियांच्या हक्कांकडे वळला. वकील म्हणाले, "कायद्याच्या दृष्टीनं बघाल तर नवरा आणि बायको या दोन व्यक्ती नाहीतच. एकच व्यक्ती."

"दोघांपैकी कोणती?" मालनबाईंनी विचारलं.

"अर्थात नवरा," वकील म्हणाले, आणि आपण विनोद केला असं वाटून स्वतःच हसले. लंकाही हसली.

प्रवरासंगमला गोदावरीचं पात्र दिसायला लागलं, तेव्हा वकिलांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, तिची नीट घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. दुसऱ्या खिशातून काळी टोपी काढून घातली. "ऊन फार आहे," ते कुणीही न विचारता म्हणाले. डिसेंबरातली सकाळ होती. जहिराच्या अंगावर शाल होती.

नदी ओलांडली आणि नाका आला. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला कौलारू चौकी, लिंबाखाली टेबल. टेबलावर शतरंजचा पट मांडलेला, आणि नाक्याचे अमीन, म्हणजे तिकडचे फौजदार, जैनुद्दीनसाहेब एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसलेले. पिकल्या दाढीचा, थकल्या डोळ्यांचा माणूस. एका शिपायानं गाडीत डोकावून बघितलं, सामानावरून नजर फिरवली आणि बांबू उचलायला हात घातला. एवढ्यावर काम भागलं होतं. पण वकिलांना ते पुरेना.

"झडती कोणत्या कायद्यानं घेता?" ते खाली उतरून म्हणाले.

"झडती घेतलीच न्हाई, साब," शिपाई म्हणाला.

"पण घेणार असाल तर कोणत्या कायद्यानं?"

शिपायानं बांबू खाली ठेवला आणि झडती घेतली. पिशव्या सोडल्या, वळकट्या सोडल्या, आणि शेवटी डबा उघडला. कागदावरचं ठळक नाव बघून तो ते पुडकं दोन्ही हातांनी धरून अमीनसाहेबांकडे घेऊन गेला. अमीनसाहेबांनी एकेक दशमी हळुवार सोडवून बाजूला ठेवली, तेलानं पारदर्शक झालेला कागद उन्हात धरला आणि वाचला.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं. मराठी त्यांना चांगलं येत होतं.

ज्या माणसाला कोर्टात गप्प करायला न्यायाधीशाला टेबल बडवावं लागे, तो माणूस गोदावरीकडे बघायला लागला. नदीत जणू पहिल्यांदाच पाणी आलं होतं. मग घसा खाकरून तो म्हणाला, "त्याचं काय आहे साहेब, बायकांची कामं ही. स्वयंपाकघरात हाताला लागेल त्यात बांधतात. माझ्या पत्नीनं बांधलंय. तिचंच असेल. तिला वाचनाचा नाद आहे."

सगळ्यांनी लंकेकडे पाहिलं. आता ही उसळणार, मालनबाईंना वाटलं. आता ही ते ताट उचलून नेणार.

लंकेनं नवऱ्याकडे बघितलं. दूध नासलंय की काय हे बघायला पातेल्यात डोकावतात, तसं. मग ती अमीनसाहेबांना म्हणाली, "हो. माझाच आहे."

"मग बाई, आपल्याला थांबावं लागेल," अमीनसाहेब म्हणाले. त्यांना ते बोलणं आवडलेलं दिसत नव्हतं. "गंगापूरहून तहसीलदारसाहेबांचा हुकूम येईपर्यंत."

जहिरा गाडीतून उतरली. डोक्यावर पदर सारखा करून ती अमीनसाहेबांपुढं उभी राहिली आणि उर्दूत बोलायला लागली: आम्ही शिकवणाऱ्या बायका आहोत, माझी खाला औरंगाबादची, हिच्या येण्याजाण्याची जामीन मी, ठेवायचंच असेल तर मलाही ठेवा. अमीनसाहेब आदरानं ऐकत राहिले. "बेटी, माझ्या हातात असतं तर..." एवढंच म्हणाले.

मालनबाई गाडीतच बसून होत्या.

अमीनसाहेबांचा सूर मऊ आहे हे ध्यानात येताच वकिलांना कंठ फुटला. "एक मिनिट! विवाहित स्त्रीशी तुम्ही परभारे बोलूच शकत नाही. तिला कायद्यानं वेगळं अस्तित्व नाही. जे बोलायचं ते तिच्या नवऱ्याशी बोला."

अमीनसाहेबांनी पटावरचा उंट उचलला होता. तो त्यांनी हातातच धरला. "म्हणजे बाईंच्या सामानाची जबाबदारी आपली?"

"अर्थातच! संपूर्ण!"

"फार चांगलं झालं," अमीनसाहेब म्हणाले. "बाई, आपण जा. वकीलसाहेब थांबतील."

वकिलांनी भराभरा हुकूम सोडले: छगननं गाडी फिरवायची, थेट नगर गाठायचं, बाररूममध्ये कळवायचं, पुण्याला तार करायची. छगननं "व्हय जी" म्हणून हँडल मारलं. गाडी सुरू झाली. तेव्हा लंका पुढचं दार उघडून वकिलांच्या जागेवर बसली.

"छगन, औरंगाबाद."

"वैनी, सायेब तर नगर म्हनत्यात."

"साहेब इथं थांबलेत. गाडीत मी आहे."

"लंका!" वकील ओरडले.

"अहो, वळकटीत शाल आहे, ती काढून घ्या," ती खिडकीतून म्हणाली. "पोटाची गोळी जेवण झाल्यावरच घ्या, आधी नको. परवा येतो आम्ही." आणि शिपायाला म्हणाली, "दादा, बांबू उचला."

निघताना मालनबाईंना दिसलं, की अमीनसाहेबांनी दुसरी खुर्ची मागवली होती आणि सोंगट्या पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतल्या होत्या.

मग काय, मालनबाईंच्या जिभेला सुट्टीच लागली. औरंगाबाद येईपर्यंत त्यांनी वकिलांची काळी टोपी, पांढरी टोपी, ते नदीकडे बघणं, सगळं पुन्हा पुन्हा करून दाखवलं. जहिरा हसून हसून कळवळली. छगनचं स्टिअरिंग दोनदा हललं. लंकाही हसत होती, पण मध्येच तिला झोप लागली. मान मागं टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून ती निवांत झोपली. नवरा परराज्याच्या चौकीत आणि ही घोरते, हे बघून मालनबाईंना आनंद व्हावा की राग यावा ते कळेना. त्यांना तिच्याकडून एकतर रडणं हवं होतं नाहीतर बंड. झोप हा पर्याय त्यांनी धरला नव्हता.

जहिराची खाला बिस्मिल्लाबी ही मालनबाईंच्याच जातकुळीची निघाली. दारातच तिनं तिघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तिघी उस्तादनी, आणि एकीलाही पान लावता येत नाही," असा तिनं जेवणानंतर निकाल दिला. जहिरानं तिला वकिलांचा निरोप सांगितला, की मोगलाई म्हणजे आपलं राज्य. म्हातारीनं सुपारी कातरायची थांबवली. "त्याला म्हणावं, राज्याकडून मला घरपट्टीची नोटीस आलीय. ती त्यानं भरावी."

दुसऱ्या दिवशी दौलताबादचा किल्ला बाहेरूनच बघून त्या वेरूळला पोचल्या. कैलास लेण्यापुढं तिघी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला. कॉलेजच्या खोलीत पुस्तकातलं बोटाएवढं चित्र बघून या तिघींनी इथं यायचं ठरवलं होतं. लंका एका दगडी हत्तीजवळ गेली आणि सोंड तुटलेल्या जागी तळवा ठेवून उभी राहिली.

मालनबाईंना ते सहन झालं नाही. शांततेत त्यांना नेहमीच खाज सुटायची. "वकीलसाहेब हवे होते," त्या म्हणाल्या. "हा डोंगर कोणत्या कलमाखाली फोडला, विचारलं असतं."

जहिरा हसली. लंका हसली नाही.

"मालन, बस कर आता," ती म्हणाली.

"का गं? नवऱ्याचा पुळका आला?"

"नवऱ्याला काय हसायचं ते हस. ते हसण्यासारखंच वागले. पण कालपासून तू त्यांना हसत नाहीयेस. मला हसतेयस."

"मी? तुला?"

"लग्न झाल्यापासून हसतेयस. मला काय डोळे नाहीत? मी 'ह्यांना विचारते' म्हटलं की तुझ्या नाकपुड्या कशा होतात ते मला पाठ आहे." लंकेचा आवाज चढला नव्हता. "काल तू बघत होतीस, ही काय करते. तमाशाला पुढच्या रांगेत बसल्यासारखी. तो कागद कुणी दिला ते तुला माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दारात तू उभी होतीस. ही जहिरा तिथं नव्हती, तिला काहीच ठाऊक नव्हतं, तरी उतरली. तू का नाही उतरलीस?"

मालनबाईंनी तोंड उघडलं. एरवी तिथं एखादं वाक्य तयार असायचं. काल त्यांना शाळेची ग्रँट आठवली होती. मोगलाईच्या पोलिसांत नाव गेलं तर स्कूल बोर्डात कोण काय म्हणेल ते आठवलं होतं. आणि याहून वाईट म्हणजे, हे लंका म्हणते तेही खरं होतं: पुढं काय होतं ते त्यांना बघायचं होतं.

"तूच 'माझाच' म्हणालीस," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मग काय म्हणू? तिथं परक्यांच्या पुढं ह्यांना खोटं पाडू, आणि मग घरी येऊन ह्यांच्याबरोबर जन्म काढू? मला घरात राहायचंय, मालन. तुझं बरं आहे, तू सगळ्यांच्या खिडकीतून बघतेस आणि पुढं जातेस."

जहिरा दोघींच्या मध्ये आली. "चला, वर जाऊ. ऊन चढतंय," ती म्हणाली. त्या वर गेल्या. बाकीची लेणीही बघितली. मालनबाई मागून चालत होत्या आणि त्या दिवसभरात त्यांनी कुणालाच नाव ठेवलं नाही. छगनला काळजी वाटली. "बाईंना ऊन लागलं काय?" त्यानं जहिराला विचारलं.

परतीच्या दिवशी त्या नाक्यावर आल्या, तेव्हा वकील शाल पांघरून टेबलाशी बसले होते. समोर चहा, बशीत बिस्किटं. चेहरा दोन दिवसांत चांगला तुकतुकीत झाला होता.

"या, या!" ते म्हणाले. "जैनुद्दीनसाहेब म्हणजे काय माणूस आहे! आता आमची घरोब्याची मैत्री. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुमच्या राज्यात जी शिस्त आहे ना, ती आमच्या इंग्रजी मुलखात नाही."

तहसीलदाराचा हुकूम आदल्या दिवशीच आला होता: कागद जप्त करून माणूस सोडून द्यावा. वकील डाव पुरा व्हायचा म्हणून थांबले होते. अमीनसाहेब लंकेला उठून सामोरे आले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"बाई, घेऊन जा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "इथं मी वर्षानुवर्षं एकटा खेळतोय. माणूस पाहिजे, माणूस पाहिजे म्हणून दुवा मागायचो. आता नाही मागणार."

"हरत होते का?" लंकेनं विचारलं.

"हरत नाहीत. चाल परत घेतात."

प्रवरासंगमला पांढरी टोपी पुन्हा डोक्यावर आली.

नगरला येऊन आठवडा झाला नाही, तोच गावात बातमी पसरली: राधाकृष्ण वकील मोगलाईच्या कैदेतून सुटून आले. बंदी घातलेलं वर्तमानपत्र त्यांनी छातीशी धरून नाक्यावर नेलं, अमीनाच्या तोंडावर फडकावलं, आणि बायकांना सुखरूप पुढं पाठवून स्वतः कोठडी पत्करली. बातमी कुठून निघाली हे शोधायला लांब जायला नको होतं. सत्कार ठरला. हार आले, अध्यक्ष आले, सभागृह भरलं. कुणीतरी सुचवलं, की प्रत्यक्षदर्शी म्हणून मालनबाईंनी दोन शब्द बोलावेत. वकिलांनी मान डोलावली. बाई चार टोमणे मारतील, लोक हसतील, आणि सत्काराला रंग चढेल, असा त्यांचा हिशेब असावा.

पहिल्या रांगेत लंका बसली होती. तिनं बाईंना काय बोल, काय बोलू नको, असं काहीही सांगितलं नव्हतं. जहिरा बायकांच्या बाजूला भिंतीशी होती.

मालनबाई उठल्या. त्या उठताच मागच्या बाजूला खसखस पिकली. लोक तयारीनंच आले होते.

"तो कागद वकीलसाहेबांचा होता," मालनबाई म्हणाल्या. "नाक्यावर अमीनानं विचारलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, माझ्या बायकोचा आहे."

हशा पिकला.

"ऐका. लंकाबाई म्हणाल्या, हो, माझाच. जहिराबाई गाडीतून उतरून त्यांच्यासाठी भांडल्या. मला खरं काय ते ठाऊक होतं, आणि मी घाबरून गाडीत बसून राहिले. वकीलसाहेब अडकले ते त्यांच्या तोंडामुळे. दोन दिवस ते शतरंज खेळत होते आणि बिस्किटं खात होते."

आता तर सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. एक म्हातारे वैद्य डोळे पुसत होते. "बिस्किटं! अरे, काय बाई आहे!" कुणीतरी टाळी दिली. "मी थट्टा करत नाही," मालनबाई म्हणाल्या, आणि यावर सगळ्यात मोठा हशा पडला. वकील खुर्चीत मागं रेलून सगळ्यांच्या वर हसत होते. हसता हसता त्यांनी गळ्यातला हार काढून मोठ्या मनानं मालनबाईंच्या पुढं धरला.

मालनबाईंनी तो घेतला. व्यासपीठावरून उतरून त्या लंकेपाशी गेल्या आणि तिच्या गळ्यात घातला. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. वीरपत्नीचा सत्कार झाला, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले.

बाहेर गर्दीत लंका त्यांना भेटली. हार तिनं काढून हातात घेतला होता.

"बोललीस," ती म्हणाली.

"कुणाच्या कानात गेलं? माझ्या तोंडाला आता कुणी खरं मानत नाही. घोरपडीसारखी जीभ वाढवून ठेवली, आणि कामाला लावली तेव्हा लोकांना गंमत वाटली."

"ह्यांच्या कानात गेलं."

"ते तर सगळ्यांहून जोरात हसत होते."

"म्हणूनच सांगते," लंका म्हणाली. टांग्यापाशी उभे असलेले वकील तिला हाक मारत नव्हते. नुसते तिची वाट बघत होते.

पुढं निजामाचं राज्य गेलं, आणि वकिलांची गोष्ट राज्य गेल्यावर आणखीनच वाढत गेली. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, बिस्किटांच्या जागी कोंड्याची भाकरी आली, शतरंजच्या पटाच्या जागी दंडाबेडी. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत त्या दंडाबेडीनं त्यांना चांगला हात दिला. पण गोष्ट सुरू करण्याआधी ते एकदा सभेवरून नजर फिरवायचे. लंका असली तर ते दुसराच विषय काढायचे. आणि मालनबाईंना कुठल्याही सभेत वकिलांचं भाषण आहे असं कळलं, की त्या शाळेतली कामं बाजूला ठेवून लवकर निघायच्या, पहिल्या रांगेत मधोमध जागा धरायच्या आणि मांडीवर हात ठेवून, शेजारणीशी एक अक्षरही न बोलता, वकिलांच्या तोंडाकडे बघत बसायच्या.